खंड्याचे छायाचित्र : केव्हा घ्यावे व केव्हा घेऊ नये

आमच्या शाळेतील मुलामुलींना अलीकडे पाखरांची छायाचित्रे घेण्याचा नाद लागला आहे, आणि ह्या नादाचा मी विरोधक नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. सुट्टीच्या दिवशी जो विद्यार्थी सूर्योदयापूर्वी उठून नदीकाठी जातो, तेथे तासभर मुकाट्याने बसतो व घरी परत येऊन पाहिलेल्या पाखराचे नाव पुस्तकात शोधतो, त्याच्या शिक्षणात त्या एका सकाळने जी भर पडते ती वर्गातल्या पुष्कळ तासांनी पडत नाही. तथापि कोणताही नाद हितकर की अहितकर, हे तो माणसाला कोणत्या वळणावर नेतो ह्यावरून ठरते. छायाचित्रणाच्या नादालाही दोन वाटा फुटतात. एक वाट ओळखीकडे जाते व दुसरी शिकारीकडे. त्या जेथे फुटतात ते ठिकाण विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस स्पष्ट दिसावे, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे. उदाहरणादाखल मी खंड्या हा पक्षी घेतो, कारण कॅमेरा हाती आलेल्या बहुतेक मुलांची पहिली धाव ह्याच पक्ष्याकडे असते.

खंड्याला आपल्याकडे धीवर असेही म्हणतात. धीवर म्हणजे कोळी. आणि पाण्यावर नजर लावून बसलेला हा पक्षी पाहिला म्हणजे हे नाव त्यास किती शोभते ते कळते. आपल्या देशात ह्या कुळातील बारा जाती आढळतात. त्यांपैकी तीन जाती पठारावरील नद्या, ओढे, तळी व पाट ह्यांच्या काठी लक्ष देऊन पाहणाऱ्यास भेटल्यावाचून राहत नाहीत. पहिला लहान खंड्या. हा चिमणीहून किंचित मोठा, पाठीवर झगझगीत निळा व पोटाशी तांबूस असतो. नराची चोच बहुतेक काळी असते, तर मादीच्या चोचीचा खालचा भाग नारिंगी असतो. दुसरा पांढऱ्या छातीचा खंड्या. हा त्याहून बराच मोठा, लाल चोचीचा व तपकिरी डोक्याचा असून पाण्यावरच अवलंबून नसतो. नाकतोडे, सरडे, खेकडे ह्यांवरही तो निर्वाह करतो, म्हणून शेतातल्या तारेवर किंवा शाळेच्या कुंपणावरही तो दिसतो. तिसरा कवड्या खंड्या. हा काळापांढरा असून पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत अधांतरी थांबतो व तेथून खाली सूर मारतो. कोकणातील दाट रानांतल्या ओढ्यांकाठी पावसाळ्यात येणारा तिबोटी खंड्या ह्या सर्वांहून लहान व सर्वांहून रंगीत. त्याच्यासंबंधी पुढे सांगावयाचे आहे.

ज्यास खंड्या शोधावयाचा आहे त्याने आधी पाणी वाचावयास शिकावे. उदाहरणार्थ, प्रवरेचे खोरे घ्या. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांनी कोरड्या मुलखात वाहते पाणी नेले. माणसाने ते पाणी शेतीसाठी आणले. पाखरांनी ते न विचारता आपले मानले. पाटाचे आवर्तन बंद झाले म्हणजे सखल जागी डबकी राहतात व त्यांत लहान मासे अडकतात. अशा ठिकाणी धीवर हटकून येतो. नदीवर मात्र संथ डोह, त्यावर वाकलेली फांदी आणि निवळ पाणी ह्या तीन गोष्टी एकत्र कोठे आहेत ते पाहावे. पुराचे गढूळ पाणी त्याच्या कामाचे नाही, कारण त्यात मासा दिसत नाही. म्हणून पावसाळा संपून पाणी निवळल्यावर, कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस नवशिक्याला उत्तम. फांदीखालच्या दगडावर पांढरी विष्ठा साचलेली दिसली तर ती फांदी त्याची नेहमीची बैठक समजावी. लहान खंड्या बहुधा डोळ्यांआधी कानांना भेटतो: बारीक, तीव्र शीळ ऐकू येते आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत एक निळी रेघ सरळ निघून जाते.

ह्या निळ्या रंगाचीच एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. खंड्याच्या पिसात निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश अशा रीतीने विखुरतो की आपल्या डोळ्यांस निळा रंग दिसतो. पीस कुटून त्याची भुकटी केली तर तो निळेपणा उरत नाही. चीन देशात कित्येक शतके ही पिसे अलंकारांत जडवीत असत, व त्यासाठी असंख्य खंड्यांचे प्राण गेले. आज पिसांसाठी त्याला कोणी मारीत नाही, परंतु त्याच्या रंगाचा लोभ मात्र संपलेला नाही. पूर्वी तो लोभ जाळे घेऊन येई, हल्ली तो कॅमेरा घेऊन येतो. आणि कॅमेऱ्यातून रक्त सांडत नाही म्हणून आपण त्यास निरुपद्रवी समजतो.

लोभावाचून घेतलेले छायाचित्र कसे असते, तेही पाहू. खंड्या पाण्यात सूर मारतो तो क्षण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतो. तो टिपावयाचा म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या, दोन हजाराव्या भागाइतका अल्प वेळ झडप उघडावी लागते, त्यास भरपूर उजेड लागतो, आणि पक्षी कोठून उडून कोठे पडणार हे आधीच ठाऊक असावे लागते. स्कॉटलंडमधील एका छायाचित्रकाराने पाण्याच्या आरशात स्वतःच्याच प्रतिबिंबास भिडलेल्या खंड्याचे चित्र मिळविण्यासाठी सुमारे सहा वर्षे घालविली व सुमारे ७,२०,००० छायाचित्रे घेतली, असे २०१५ साली वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. लोक त्या चित्राची वाखाणणी करतात. मला त्या सहा वर्षांचे अधिक कौतुक वाटते. इतका काळ एका पाखराच्या सहवासात काढल्यावर त्याची बैठक, त्याच्या वेळा व त्याचा स्वभाव त्या गृहस्थास किती परिचित झाला असेल!

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, पहिले काही दिवस कॅमेरा घरी ठेवूनच जा. मातकट रंगाचे कपडे घाला, सूर्य पाठीमागे राहील अशा जागी खाली बसा व हालचाल करू नका. पक्षी मासा पकडून बैठकीवर येतो, त्याला फांदीवर आपटून निपचित करतो, आणि मग डोक्याकडून गिळतो, म्हणजे पर व खवले घशात उलटे अडकत नाहीत. पाण्यात मासा जेथे दिसतो तेथे तो नसतो, हे वक्रीभवनाच्या धड्यात तुम्ही वाटीतल्या नाण्यावरून शिकला आहा. तोच हिशेब हा पक्षी प्रत्येक सूर मारताना बिनचूक करतो. आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने वहीत लिहिले होते की, खंड्या उडण्यापूर्वी मान दोनतीन वेळा वरखाली करतो. हे वाक्य लिहू शकणारा मुलगा पुढे छायाचित्र घेईल तेव्हा त्याचे बोट योग्य क्षणी कळ दाबील, कारण तो क्षण कधी येतो हे त्यास पाखराने स्वतः शिकविले आहे.

आता मी मुख्य मुद्द्याकडे वळतो. खंड्या झाडावर घरटे बांधीत नाही. नदीच्या किंवा ओढ्याच्या उभ्या मातीच्या दरडीत तो चोचीने माती उकरून कधी हातभर, कधी त्याहूनही लांब बीळ खणतो व त्याच्या टोकाशी अंडी घालतो. लहान खंड्याची अंडी पाच ते सात असतात. ती उबविण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, आणि पिले बाहेर पडावयास आणखी साडेतीन ते चार आठवडे. ह्या काळात नर व मादी दोघेही दिवसभर मासे आणतात. पाचसहा पिले वाढीस लागली म्हणजे दिवसाला शंभराच्या आसपास लहान मासे त्यांस पुरवावे लागतात. छायाचित्रकाराचा मोह येथेच अनावर होतो, कारण एरवी क्षणभर दिसणारा पक्षी बिळापुढे पुनःपुन्हा, ठरलेल्या वाटेने व चोचीत मासा घेऊन येतो. कष्टावाचून उत्तम चित्र! परंतु जे आपल्याला सोयीचे, तेच त्याला संकटाचे असते.

ह्या संकटाची खूण ओळखण्यास पुस्तक लागत नाही, चोचीतला मासा पुरेसा आहे. खंड्या स्वतः खाणार असेल तर माशाचे डोके त्याच्या घशाकडे असते. दुसऱ्यास भरवावयाचा असेल तर तो मासा फिरवून डोके बाहेर, चोचीच्या टोकाकडे ठेवतो, म्हणजे घेणाऱ्यास तो सरळ गिळता यावा. म्हणून डोके बाहेर असलेला मासा घेऊन बसलेला खंड्या दिसला, आणि तो बसूनच राहिला, तर समजावे की जवळपास कोणी तरी त्या घासाची वाट पाहत आहे व आपण वाटेत उभे आहो. गेल्या उन्हाळ्यात एका ओढ्याच्या दरडीसमोर मी तीन हौशी छायाचित्रकार मोठमोठ्या भिंगांसह बसलेले पाहिले. समोरच्या तारेवर खंड्या असाच मासा धरून बसला होता. तो दोनदा बिळाकडे झेपावला व दोनदा अर्ध्या वाटेवरून परतला. अखेरीस त्याने तो मासा चोचीत उलट फिरविला, स्वतःच गिळला व नदीकडे निघून गेला. त्या तिघांस त्या वेळी उत्कृष्ट चित्रे मिळाली असतील. बिळातल्या पिलांस काय मिळाले ते कोणत्याही चित्रात दिसणार नाही.

ह्यापेक्षाही वाईट प्रकार आहेत. काही जण पाण्यात काचेचे पात्र बुडवून त्यात जिवंत मासे कोंडतात व पक्ष्यास नेमक्या त्याच जागी सूर मारावयास लावतात. उथळ वा अरुंद पात्रावर वेगाने आदळणारा पक्षी जायबंदी होऊ शकतो. तिबोटी खंड्याची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. जून ते सप्टेंबर एवढ्या अल्पावधीत त्यास कोकणातल्या रानात येऊन बीळ खणावयाचे व पिले वाढवावयाची असतात. त्याच्या एखाद्या बिळाचा पत्ता बाहेर फुटला की तेथे भर पावसात माणसांची रांग लागते. पाखरावर प्रेम आहे म्हणून हे लोक येतात, हे मी नाकारीत नाही. पण ज्या प्रेमात समोरच्याची अडचण दिसत नाही, त्यास प्रेम म्हणावे की हौस, हा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

ह्यावर कोणी असे म्हणेल की, पूर्वीच्या थोर छायाचित्रकारांनी घरट्यांचीच चित्रे घेतली. मग आम्हांसच मज्जाव का? आक्षेप रास्त आहे. रिचर्ड व चेरी कीर्टन ह्या इंग्रज बंधूंनी १८९५ साली पाखरांच्या घरट्यांवर जे पुस्तक काढले, त्यातील चित्रे प्रत्यक्ष रानात घेतलेली होती, व अशा तऱ्हेचे ते पहिलेच पुस्तक मानतात. पुढे पाखरे बुजू नयेत म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ सांगाडा करून त्यात लपून बसण्याची युक्ती काढली. आपल्या देशात सिंगापूरचे लोक वान थो ह्यांनी डॉ. सालिम अली ह्यांच्या सहवासात पाखरांची सुंदर चित्रे घेतली. परंतु त्यांच्या काळी पुष्कळ पाखरांचे घरटे कसे असते हे जगास ठाऊक नव्हते, ते ज्ञान नव्याने मिळवावयाचे होते. आज खंड्याच्या बिळाचे चित्र हजारोंनी उपलब्ध आहे. आणखी एकाने ज्ञानात कणभरही भर पडत नाही. दुसरे असे की, तेव्हा काठावर एक मनुष्य असे, आज वीस असतात. कारण बदलले व परिस्थितीही बदलली. तेव्हा नियमही बदललाच पाहिजे.

राज्याचा कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात 'शिकार' ह्या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत पाखरांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे ह्याचाही समावेश आहे. बंदूक न उचलताही मनुष्य शिकारी ठरू शकतो, हे कायदेकारांनी ओळखले होते. पण हा विचार कायद्याहून फार जुना आहे. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, वाटेत पाखराचे घरटे आढळल्यास पिलांसह आईला धरू नये अशी आज्ञा आहे. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या नियमांत एका घरट्याला जागा मिळावी, ही गोष्ट लहान नव्हे. आणि आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात पाखरांकडे लक्ष द्यावयास सांगितले ते काळजीने ग्रासलेल्या मनास विश्वास शिकविण्यासाठी. तेथे पाखराकडे पाहावयास सांगितले आहे, त्यास आपल्या सोयीप्रमाणे वागवावयास नव्हे. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाचे भूषण असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी शाळेत पाठ केली असेल. घायाळ पक्षिणी कशीबशी पिलांपर्यंत पोहोचू पाहते, हा तिचा विषय. त्या पक्षिणीला बाणाने अडविले होते. आपण तिला आपल्या उपस्थितीने अडवू नये, एवढाच त्या कवितेचा आजचा अर्थ.

आणखी एक आक्षेप असा की, नदीतील वाळू बेसुमार उपसली जाते, काठच्या दरडी ढासळतात, ओढ्यांना व पाटांना ठिकठिकाणी सिमेंटच्या भिंती होतात, आणि सिमेंटात खंड्यास बीळ खणता येत नाही. ह्या प्रचंड हानीपुढे एका विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्याचा काय पाड? हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच कॅमेऱ्याचा खरा उपयोग येथे आहे असे माझे मत आहे. आपल्या गावच्या नदीच्या एका दरडीचे, ठरलेल्या एकाच जागेवरून, दर वर्षी ठरलेल्या एकाच महिन्यात, तेही पिले बाहेर पडून गेल्यानंतर, एक छायाचित्र घ्यावे व त्याखाली तारीख लिहावी. पाच वर्षांत पाच चित्रे होतील. त्यांत निळा रंग नसेल, बक्षीसही मिळणार नाही. पण दरड किती मागे सरली, बिळे किती उरली, काठची झाडे कोणती गेली, ह्याचा तो बिनतोड पुरावा असेल, आणि ग्रामसभेपुढे असा पुरावा ठेवणाऱ्या मुलाचे म्हणणे थोरांसही ऐकावे लागेल.

पालकवर्गास दोन शब्द. मुलगा वा मुलगी नदीकाठाहून परत आली म्हणजे "किती फोटो मिळाले?" असे विचारू नका, "त्याने आज काय केले?" असे विचारा. ज्या घरी पहिला प्रश्न विचारला जातो तेथील मूल चित्रे मोजावयास शिकते. ज्या घरी दुसरा विचारला जातो तेथील मूल पाहावयास शिकते. ह्या पाहण्याचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणास वाटेल, तर त्याने जपानची हकीकत ध्यानात घ्यावी. तेथील अतिवेगवान आगगाडी बोगद्यातून बाहेर पडताना हवेच्या दाबामुळे मोठा धमाका होई. एजी नाकात्सु नावाचे अभियंते पक्षिनिरीक्षक होते. हवेतून पाण्यात शिरताना खंड्याच्या निमुळत्या चोचीमुळे पाणी फारसे उसळत नाही, हे त्यांच्या ध्यानी होते. १९९७ साली ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागलेल्या गाडीचा पुढील भाग त्या चोचीच्या धर्तीवर घडविला गेला व त्रास कमी झाला. महागडे भिंग घेऊन देण्याची ऐपत नसलेल्या पालकांनी खंत करू नये. एक वही, एक पेन्सिल व डॉ. सालिम अली ह्यांचे १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झालेले भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक एवढे साहित्य पहिल्या दोन वर्षांस पुरते, व ते पुस्तक ग्रंथालयातूनही मिळू शकते.

अखेरीस शाळेपुढे मी दोन सूचना ठेवतो. वार्षिक प्रदर्शनात पाखराचे छायाचित्र लावावयाचे असेल तर त्यासोबत त्या पाखराच्या निरीक्षणाचे निदान एक पान विद्यार्थ्याने स्वतः लिहून जोडावे. पान नसेल तर चित्र स्वीकारू नये. आणि घरट्यातील, बिळातील किंवा पिलांस भरविणाऱ्या पाखराचे चित्र, ते कितीही सुंदर असो, फलकावर लावू नये. काही विद्यार्थ्यांस हा नियम कठोर वाटेल, हे मी जाणतो. परंतु माशाचे डोके बाहेर दिसताच जो मुलगा कळ न दाबता उठतो व पावलांचा आवाज न करता मागे फिरतो, त्याचे नाव ह्या शाळेने चांगल्या छायाचित्रकारांत घ्यावे, असे मला मनापासून वाटते. फलकावरील त्याची चौकट त्या वर्षी रिकामी राहिली तरी चालेल.